आधी गुणायचे की आधी मिळवायचे?

मराठी घरात तापमानाची दोन मापे शेजारी शेजारी नांदतात. पोराचे अंग कढत लागले की काखेत थर्मामीटर ठेवतात आणि आकडा वाचतात तो एकशे दोन, एकशे तीन असा, म्हणजे फॅरनहाइटमध्ये. त्याच घरात टीव्हीवर चंद्रपूरचा पारा ४५वर गेल्याची बातमी लागते, ती सेल्सिअसमध्ये. आजारपण एका मापात, उन्हाळा दुसऱ्या मापात. या दोन मापांमध्ये ये-जा करण्याचा नियम शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो. सेल्सिअसच्या आकड्याला १.८ने गुणायचे आणि ३२ मिळवायचे. ३७ला १.८ने गुणले की ६६.६, त्यात ३२ मिळवले की ९८.६. निरोगी शरीराचा ओळखीचा आकडा आला.

आता हीच दोन कामे उलट क्रमाने करून पाहा. ३७मध्ये आधी ३२ मिळवले तर ६९ होतात, आणि ६९ला १.८ने गुणले तर १२४.२. इतक्या तापात माणूस जगू शकत नाही. आकडे तेच, कामे तीच, फक्त कोणते आधी आणि कोणते नंतर एवढाच फरक. बीजगणितात फलनांचे संयोजन नावाचा जो धडा असतो, त्याचा सगळा जीव या फरकात आहे. पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींच्या सूत्रात उरकला जातो आणि मुले कंसात कंस घालून उदाहरणे सोडवून टाकतात. त्या दोन ओळींमध्ये केवढे काय दडले आहे, हे मात्र क्वचितच कुणी दाखवते.

एखादी संख्या आत घ्यायची, तिला एका ठरलेल्या संख्येने गुणायचे आणि दुसरी ठरलेली संख्या मिळवायची, एवढेच करणाऱ्या नियमाला रेषीय फलन म्हणतात. आलेखावर त्याची सरळ रेषा उमटते, म्हणून रेषीय. ज्या संख्येने गुणायचे तो रेषेचा चढ. आत जाणाऱ्या संख्येला आपण क्ष म्हणू आणि नियमांना फ, ग अशी नावे देऊ. फ(क्ष) म्हणजे क्षवर फ हा नियम चालवून आलेले उत्तर. ही लिहिण्याची पद्धत लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३०च्या दशकात वापरात आणली आणि ती आजवर टिकली. फ(ग(क्ष)) असे लिहिले की आधी ग चालवायचा आणि त्याचे उत्तर फच्या हाती द्यायचे. डोळा डावीकडून उजवीकडे वाचत जातो, काम मात्र आतून बाहेर होते. नवख्याचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच उडतो.

याचे एक खरे उदाहरण तापमापकांच्या इतिहासातच आहे. डॅनियल फॅरनहाइटने आपल्या तापमापकांविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले ते १७२४मध्ये. त्यानंतर १७४२मध्ये स्वीडनमधील उप्साला इथल्या अँडर्स सेल्सिअस या खगोलशास्त्रज्ञाने शंभर भागांची मोजपट्टी सुचवली. पण त्याची पट्टी आजच्या पट्टीच्या नेमकी उलटी होती. पाणी उकळते तिथे त्याने शून्य ठेवले आणि बर्फ वितळते तिथे १००. थंडी वाढेल तसा आकडा वाढायचा. सेल्सिअस १७४४मध्ये वारला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ही पट्टी फिरवून आजच्यासारखी झाली.

समजा, सेल्सिअसच्या मूळ पट्टीवरची एखादी जुनी नोंद आपल्याला फॅरनहाइटमध्ये हवी आहे. आधी जुन्या आकड्याचा आजचा आकडा करावा लागेल. तो नियम

ग(क्ष) = १०० − क्ष

हा आहे. मग आजच्या सेल्सिअसचे फॅरनहाइट करायचे.

फ(क्ष) = १.८क्ष + ३२

दोन्ही एकापुढे एक लावले की

फ(ग(क्ष)) = १.८(१०० − क्ष) + ३२ = २१२ − १.८क्ष.

क्षच्या जागी शून्य घाला, २१२ मिळतात, म्हणजे उकळते पाणी. १०० घाला, ३२ मिळतात, म्हणजे वितळते बर्फ. दोन पायऱ्यांचे काम एका पायरीत आले आणि जे मिळाले तेही पुन्हा रेषीय फलनच. वाटेत थांबण्याची गरज उरली नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या दलील या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची पट्टी रशियात बरीच चालली. तिच्यात उकळत्या पाण्याला ० आणि वितळत्या बर्फाला १५० होते. तिथून फॅरनहाइटला यायचे तर आणखी एक नियम मागे जोडायचा, आणि उत्तर २१२ − १.२क्ष असे तितकेच सुटसुटीत निघते. नियम तीन जोडा, तीस जोडा, हाती पडते ते एक गुणणे आणि एक मिळवणे.

आता हेच सर्वसाधारण रूपात मांडू. फ(क्ष) = अक्ष + ब आणि ग(क्ष) = कक्ष + ड असेल तर

फ(ग(क्ष)) = अ(कक्ष + ड) + ब = अकक्ष + अड + ब.

क्रम उलटा केला तर

ग(फ(क्ष)) = क(अक्ष + ब) + ड = अकक्ष + कब + ड.

या दोन ओळी शेजारी ठेवून जरा निवांत पाहाव्यात. दोन्हींत क्षचा गुणक अक आहे. म्हणजे चढांचा नुसता गुणाकार होतो आणि त्याला क्रमाशी काही देणेघेणे नाही. फरक पडतो तो शेवटच्या पदात, आणि त्या पदात क्ष कुठेच नाही. याचा अर्थ असा की क्रम चुकला तर उत्तर चुकते खरे, पण आत कोणतीही संख्या घातली तरी ते तेवढ्यानेच चुकते. आलेख काढले तर दोन समांतर रेषा मिळतील. तापाच्या उदाहरणात ९८.६ऐवजी १२४.२ आले, म्हणजे चूक २५.६ची. ३७ऐवजी ० घेतले असते तर ३२ऐवजी ५७.६ आले असते. चूक पुन्हा २५.६चीच. मला ही गोष्ट या विषयातल्या सगळ्यांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, आणि ती दोन ओळींच्या वजाबाकीत दिसते.

हा फरक बाजारात रोज पैशांत मोजला जातो. एखाद्या वस्तूवर २० टक्के सूट आहे आणि शिवाय तुमच्याकडे १०० रुपयांचे कूपन आहे. किंमत १,००० रुपये. आधी टक्केवारीची सूट घेतली तर ८००, मग कूपन लावून ७००. आधी कूपन लावले तर ९००, त्यावर २० टक्के सूट म्हणजे ७२०. फरक २० रुपयांचा. वस्तू ५,००० रुपयांची असो की ५०,००० रुपयांची, फरक २०चाच राहणार, कारण तो वस्तूच्या किमतीतून आलेलाच नाही. कूपन आधी लावले तर त्या १०० रुपयांवरही २० टक्क्यांची कात्री चालते आणि कूपन ८० रुपयांचे उरते. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर टक्का आधी आणि कूपन नंतर हे केव्हाही फायद्याचे.

पण त्याच बिलावर २० टक्के सूट आणि १८ टक्के जीएसटी असेल, तर कोणता आकडा आधी लावला याने शेवटच्या रकमेत दमडीचाही फरक पडत नाही. ०.८ने गुणून १.१८ने गुणा किंवा १.१८ने गुणून ०.८ने गुणा, दोन्हीकडे ०.९४४ हाच गुणक येतो. (सरकारजमा होणारा कर मात्र कोणत्या रकमेवर धरला यावर बदलतो. तो प्रश्न कायद्याचा आहे.) मग प्रश्न असा पडतो की कोणती दोन रेषीय फलने क्रमाला जुमानत नाहीत आणि कोणती जुमानतात? दोन्ही फलने नुसती गुणणारी असतील तर क्रम निरर्थक, हे उघड आहे. दोन्ही नुसती मिळवणारी असतील तरीही. पण गुणणे आणि मिळवणे अशी सरमिसळ असताना?

याचे उत्तर उणे ४० अंशांवर सापडते. सेल्सिअसमधले उणे ४० घ्या. १.८ने गुणले की उणे ७२, ३२ मिळवले की उणे ४०. दोन्ही पट्ट्या इथे एकच आकडा दाखवतात. नियम चालवूनही जी संख्या जागची हलत नाही, तिला त्या फलनाचा स्थिर बिंदू म्हणतात. चढ १ नसेल तर प्रत्येक रेषीय फलनाला असा एक, आणि एकच, स्थिर बिंदू असतो. अक्ष + ब याचा स्थिर बिंदू ब भागिले (१ − अ). सेल्सिअसच्या जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीवर नेणाऱ्या १०० − क्ष या फलनाचा स्थिर बिंदू ५० आहे. पट्टी उलटवली तरी ५० अंश ५०च राहिले. याउलट सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून केल्व्हिन करणाऱ्या फलनाचा चढ १ आहे. तिथे प्रत्येक आकडा सरकतो आणि जागी राहणारा कोणीच नसतो.

एकदा स्थिर बिंदू सापडला की रेषीय फलनाचे खरे रूप उघडे पडते. गुणणे आणि मिळवणे अशी दोन कामे तिथे उरतच नाहीत. स्थिर बिंदूपासूनचे अंतर तेवढ्या पटीने ताणायचे, हे एकच काम असते. सेल्सिअसचे फॅरनहाइट करायचे तर ४० मिळवा, १.८ने गुणा, ४० वजा करा. ३७चे ७७, ७७चे १३८.६, त्यातून ४० गेले की ९८.६. परत यायचे तर तसेच ४० मिळवा, पण १.८ने भागा, आणि ४० वजा करा. ३२ आधी वजा करायचे की नंतर, ही शाळेतली धास्ती यात उरत नाही, कारण जाताना आणि येताना चाल एकच आहे. ही रीत शाळेत पहिल्याच दिवशी का शिकवत नाहीत, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

आता क्रमाच्या प्रश्नाचा निकाल तीन वाक्यांत लागतो. समजा फचा स्थिर बिंदू प आहे आणि फ व ग क्रमनिरपेक्ष आहेत, म्हणजे कोणीही आधी आले तरी उत्तर तेच. मग फ(ग(प)) म्हणजे ग(फ(प)), आणि फ(प) म्हणजे पच, म्हणून हे सगळे ग(प) एवढेच. याचा अर्थ ग(प) या संख्येलाही फ हलवत नाही, आणि फला हलवता न येणारी संख्या तर प ही एकच आहे, तेव्हा ग(प) = प. दोघांचा स्थिर बिंदू एकच निघाला. उलट बाजूनेही पाहा. दोघांचा स्थिर बिंदू एकच असेल, तर दोघेही एकाच ठिकाणापासून अंतरे ताणतात, एक अ पट आणि दुसरा क पट. अंतर आधी अ पट करून मग क पट केले काय किंवा उलटे केले काय, ते अक पटच होणार. टक्केवारीची सूट आणि जीएसटी या दोघांचा स्थिर बिंदू शून्य आहे, म्हणून त्यांचे भांडण नाही. १०० रुपयांच्या कूपनाला स्थिर बिंदूच नाही, म्हणून त्याचे सुटीशी जमत नाही.

नियम एकापुढे एक लावणे आणि मग ते उलगडत मागे येणे ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ती सूत्ररूपाने आहे. भास्कराचार्यांच्या ११५०च्या लीलावतीत तिला व्यस्तविधी म्हटले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. म्हणजे हे गणित कधीकाळी खानदेशाच्या त्या डोंगरपायथ्याशी बसून शिकवले जात होते.

लीलावतीतले व्यस्तविधीचे उदाहरण असे आहे. एका संख्येला ३ने गुणले. जे आले त्यात त्याचाच पाऊण भाग मिळवला. ७ने भागले. आलेल्या उत्तरातून त्याचाच तिसरा भाग वजा केला. उरले त्याचा वर्ग केला. ५२ वजा केले. वर्गमूळ काढले. ८ मिळवले. १०ने भागले. उत्तर २ आले. तर मूळ संख्या कोणती?

शेवटापासून मागे यायचे. शेवटचे काम १०ने भागण्याचे, म्हणून पहिले उलटे काम १०ने गुणण्याचे, २चे झाले २०. त्याच्या आधी ८ मिळवले होते, ते काढून घेतले की १२. वर्गमूळ काढले होते, म्हणून वर्ग, १४४. ५२ परत मिळवले, १९६. वर्गमूळ १४. इथवर आल्यावर एक गंमत पाहण्यासारखी आहे. उदाहरणातल्या पहिल्या चार पायऱ्या, म्हणजे तीनपट, मग पावणेदोनपट, मग सातवा भाग, मग दोनतृतीयांश, या सगळ्या नुसत्या गुणण्याच्या आहेत. त्यांचे संयोजन करून पाहा. ३ गुणिले ७/४ म्हणजे २१/४. ७ने भागले की ३/४. त्याला २/३ने गुणले की १/२. चार ओळी खर्चून केलेली सगळी खटपट म्हणजे संख्या निम्मी करणे, एवढेच. १४ हे निम्मे, म्हणून मूळ संख्या २८. भास्कराचार्यांनी हे मुद्दाम केले असेल असे मला मनापासून वाटते. शिष्याला मागे मागे जाता येते का हे तर पाहायचेच, पण चार पायऱ्यांच्या आडचा साधा अर्धा भाग त्याला दिसतो का, हेही पाहायचे.

उलट्या क्रमाचे महत्त्व शेवटच्या दोन पायऱ्यांत नीट दिसते. ८ मिळवून १०ने भागणे याचे उलटे म्हणजे १०ने गुणून ८ वजा करणे. कोणी घाईने २मधून आधीच ८ वजा केले तर उणे ६ येतील आणि पुढे उणे ६०. मूळ संख्या कायमची हरवेल. बीजगणितात हे असे सांगतात की फ आणि गच्या संयोजनाचा व्यस्त म्हणजे त्यांच्या व्यस्तांचे उलट्या क्रमाने केलेले संयोजन. पायमोजे घालून मग बूट घालणारा माणूस घरी आल्यावर आधी बूट काढतो, तसेच.

आतापर्यंत आपण वेगवेगळी फलने जोडली. एकच फलन पुन्हा पुन्हा स्वतःलाच जोडले तर काय होते, हे पाहायला गृहकर्जाइतके चांगले ठिकाण नाही.

समजा २० लाखांचे कर्ज आहे, व्याज वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का, आणि मासिक हप्ता १८,००० रुपये. शिल्लक कर्ज क्ष असेल तर महिन्याने ते १.००७५क्ष − १८,००० होते. आधी व्याज चढते, मग हप्ता वजा होतो. पहिल्या महिन्यात व्याज १५,००० रुपये, म्हणजे १८,०००च्या हप्त्यातून मुद्दल फिटले फक्त ३,०००. शिल्लक १९,९७,०००. दुसऱ्या महिन्यात याच आकड्यावर तेच फलन. तिसऱ्यात पुन्हा. पन्नाशीला टेकलेली कितीतरी माणसे बँकेचा तक्ता हातात घेऊन विचारतात की इतकी वर्षे हप्ते भरले तरी कर्ज हलत का नाही. तक्त्याच्या एकेका ओळीकडे पाहून त्याचे उत्तर सापडत नाही. ते फलनाच्या स्थिर बिंदूत आहे.

महिन्याला पाऊण टक्का व्याजाने १८,००० रुपये व्याज किती रकमेवर होईल? १८,००० भागिले ०.००७५, म्हणजे २४ लाखांवर. हा स्थिर बिंदू. कर्ज बरोबर २४ लाख असते तर सगळा हप्ता व्याजात जाऊन ते जन्मभर २४ लाखच राहिले असते. आपले कर्ज २० लाखांचे, म्हणजे स्थिर बिंदूच्या ४ लाख खाली. आणि आता आपल्याला माहीत आहे की हे फलन दर महिन्याला त्या अंतराला १.००७५ने गुणते, दुसरे काही करत नाही. महिन्याने अंतर ४,०३,००० होते, आणि २४ लाखांतून ते वजा केले की मघाचेच १९,९७,००० येतात. कर्ज फिटले म्हणजे शिल्लक शून्य झाली, म्हणजेच अंतर ४ लाखांचे २४ लाख झाले, सहापट झाले. १.००७५ला स्वतःने किती वेळा गुणले की ६ होतात? २४० वेळा. २४० महिने म्हणजे २० वर्षे. बँकेच्या तक्त्यातल्या २४० ओळी या एकाच प्रश्नात मावल्या.

आता मधोमध, दहा वर्षांनी, काय स्थिती असते? १.००७५ हे १२० वेळा गुणून सुमारे २.४५ होतात. अंतर सुमारे ९ लाख ८० हजार, म्हणून शिल्लक कर्ज सुमारे १४ लाख १९ हजार. मुदतीचा निम्मा काळ गेला आणि कर्जाचे तीन दशांशही फिटले नाहीत. अंतर सुरुवातीला लहान होते, म्हणून त्याची पट झाली तरी वाढ लहानच.

पण हेच गणित कर्जदाराच्या बाजूनेही वळवता येते, आणि प्रत्येक कर्जदाराला ते कोणीतरी बसून समजावून सांगायला हवे असे मला कळकळीने वाटते. हप्ता १८,०००ऐवजी २१,००० केला तर स्थिर बिंदू २८ लाखांवर जातो. अंतर ४ लाखांऐवजी ८ लाख, थेट दुप्पट. आता ते सहापट व्हायची गरज नाही, साडेतीनपट झाले की २८ लाख पुरे होतात, आणि १.००७५ला तिथे पोहोचायला १६८ महिने लागतात. वीस वर्षांचे कर्ज चौदा वर्षांत संपते. महिन्याला ३,००० रुपये जास्त भरून एकूण भरणा जवळपास ८ लाखांनी कमी होतो. उलट हप्ता १५,००० ठेवला तर स्थिर बिंदू बरोबर २० लाखांवर येतो, अंतर शून्य होते, आणि शून्याला कितीही वेळा गुणले तरी शून्यच. ते कर्ज कधीच फिटणार नाही. प्रत्यक्षात व्याजदर मध्येच बदलतो, तेव्हा दर महिन्याचे फलन एकच राहत नाही, स्थिर बिंदूही सरकतो. तरी प्रत्येक महिन्याचे फलन रेषीयच असते, म्हणून सगळ्या महिन्यांचे मिळून होणारे संयोजनही रेषीयच.

कर्जात चढ १पेक्षा मोठा आहे म्हणून शिल्लक स्थिर बिंदूपासून दूर पळते. चढ १पेक्षा लहान असेल तर चित्र पालटते. एखादे औषध शरीरात रोज निम्मे उरते आणि रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची आहे असे धरा. फलन झाले क्ष/२ + १००, स्थिर बिंदू २००. गोळी घेतल्यावर शरीरातले औषध १००, १५०, १७५, १८७.५ असे २००च्या दिशेने सरकते. पहिल्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तर ते थेट २००वर जाऊन बसते. काही औषधांचा पहिला डोस डॉक्टर मोठा देतात त्यामागे हाच हिशोब असतो.

चल एकापेक्षा जास्त झाले की हिशोब वाढतो, पण तत्त्व तेच राहते. संख्यांच्या जोडीवर किंवा शेकडो संख्यांवर एकदम चालणाऱ्या रेषीय नियमांचे गुणक चौकटीत मांडतात, तिला मॅट्रिक्स म्हणतात. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करताना एकीची आडवी ओळ घेऊन दुसरीच्या उभ्या ओळीशी गुणून बेरीज करावी लागते, आणि असा विचित्र नियम कोणी आणि का केला, असे बारावीच्या प्रत्येक वर्गात कोणाच्या तरी मनात येतेच. इंग्लंडमधील आर्थर केली याने १८५८मध्ये मॅट्रिक्सचे बीजगणित मांडले, त्यात त्याचे उत्तर आहे. एक रेषीय नियम चालवून त्याच्या उत्तरावर दुसरा चालवला की जे गुणक येतात, तेच या गुणाकाराने मिळतात. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार क्रम बदलला की बहुतेक वेळा बदलतो, त्याचे कारणही आपण ३७ अंशांवर पाहिले तेच.

रेषीय फलने कितीही जोडली तरी रेषीयच उरतात, हा त्यांचा गुण काही ठिकाणी मोठी अडचण होतो. मजकूर गुप्त करण्याची एक जुनी रीत अशी आहे की इंग्रजी अक्षरांना ० ते २५ असे क्रमांक द्यायचे, क्रमांकाला एका संख्येने गुणून दुसरी मिळवायची, आणि २६ने भागून उरलेली बाकी घ्यायची. पुन्हा उलगडता येईल अशा किल्ल्या यात ३१२च निघतात. कोणी म्हणेल, दोन वेगवेगळ्या किल्ल्यांनी दोनदा गुप्त करू, म्हणजे फोडणे अवघड होईल. ५क्ष + ८ लावून मग ३क्ष + ४ लावा. १५क्ष + २८ येते, आणि २८मधून २६ गेले की १५क्ष + २. ही त्याच ३१२ किल्ल्यांपैकी एक आहे. शंभरदा गुप्त केले तरी फोडणाऱ्याला तपासायच्या किल्ल्या ३१२च.

आज चेहरा ओळखणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या संगणक-प्रणाल्यांच्या पोटात न्यूरल नेटवर्क असते. त्यात थरावर थर असतात आणि प्रत्येक थर हा मुळात अनेक संख्यांवरचा रेषीय नियमच असतो. गुणा, मिळवा, पुढच्या थराला द्या. पण एवढेच केले असते तर शंभर थर आणि एक थर यांत काही फरक उरला नसता. शंभर रेषीय नियमांचे संयोजन म्हणजे एकच रेषीय नियम, मग थर कशाला हवेत? म्हणून दर दोन थरांच्या मध्ये एक छोटासा वाकडा नियम घालतात. बऱ्याच ठिकाणी तो इतका साधा असतो की संख्या ऋण असेल तर तिच्या जागी शून्य लिहायचे आणि नसेल तर ती आहे तशी पुढे पाठवायची. त्याचा आलेख शून्यापर्यंत आडवा पडून राहतो आणि तिथून पुढे चढू लागतो. एवढ्या एका कोपऱ्याने रेषीय संयोजनाचा सगळा नियम मोडतो.

त्याची ताकद हातानेही तपासता येते. क्ष या संख्येला १ने आणि उणे १ने गुणा, म्हणजे दोन संख्या झाल्या, क्ष आणि −क्ष. दोन्हींवर तो वाकडा नियम चालवा. मग आलेल्या दोन संख्यांची बेरीज करा. क्ष = ५ असेल तर ५ आणि ०, बेरीज ५. क्ष = −५ असेल तर ० आणि ५, बेरीज पुन्हा ५. संख्येचे चिन्ह गळून फक्त तिची केवल किंमत उरली, आणि तिचा आलेख शून्यापाशी मोडलेला आहे. हजार सरळ रेषा एकापुढे एक जोडल्या असत्या तरी तो कोन आला नसता.